ई.एस.चा तास, मुक्काम रतनवाडी

आयटीआयमध्ये मी एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स शिकवते. मुलं त्याला ई.एस. म्हणतात, आणि जेवणानंतर डुलकी काढायचा तास म्हणून ओळखतात. फिटर असो की वेल्डर, विषय सगळ्या ट्रेडना सक्तीचा. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी, टीमवर्क, कम्युनिकेशन, कामगार कायदे, क्वालिटी टूल्स. मी फळ्यावर 'टीमवर्क' लिहून खाली पाच मुद्दे काढते. पोरं ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि वर्कशॉपमध्ये गेली की एकमेकांच्या कानशी पळवतात.

म्हणून गेली दोन वर्षं मी प्राचार्यांच्या मागे लागले होते की पाच दिवस या पोरांना डोंगरात न्यायचंय. सहल नाही, काम करायला. शेवटी परवानगी मिळाली ती "काही झालं तर जबाबदारी तुमची" या अटीवर. हे लेखी होतं.

मुलग्यांची नावं पटकन आली. मुलींची सात आली, त्यातल्या पाचच निघाल्या. अडचण 'मुक्काम' या शब्दाची होती. एका घरी मी स्वतः संमतीपत्र घेऊन गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "त्याने कंपनीत घेतील का?" मला खोटं बोलता येईना. त्यांनी सही केली नाही. मला त्यांचा राग आला नाही, हेही सांगून टाकते.

एकूण चोवीस प्रशिक्षणार्थी, मी, वेल्डिंगचे शिल्प निदेशक (यापुढे 'सर'), आणि एका ट्रेकिंग ग्रुपचे दोन लीडर, एक ताई आणि एक दादा. अठ्ठावीस. पोरांची नावं देत नाही. तसंही आमच्याकडे ट्रेडनेच हाक मारतात.

दिवस पहिला

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सकाळी सहाला प्रासंगिक कराराची एसटी गेटवर उभी. ताईने गाडीतच कामं वाटून टाकली. पाणी टर्नरच्या दोघांकडे, औषधपेटी मोटार मेकॅनिककडे, वेळ सांभाळणं इलेक्ट्रिशियनकडे, हिशेब कोपाच्या, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर ट्रेडच्या, मुलीकडे. डोकी मोजायचं काम वायरमनच्या मुलीला मिळालं, कारण ती सगळ्यात मागे गप्प बसली होती आणि तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. तिने मोजलं, सत्तावीस भरले. पुन्हा मोजलं, पुन्हा सत्तावीस. स्वतःला धरायची राहिली होती. गाडी हसली. ती हसली नाही. तळहातावर पेनाने २८ लिहून घेतलं.

आमची पोरं उसाच्या पट्ट्यातली. प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेली, पोहायला शिकली तीही पाटातच. 'डाव्यावर राहतो', 'उजव्यावर मामाचं शेत आहे' हे त्यांच्या पत्त्यातच असतं. प्रवरा उगम पावते रतनगडावर, आणि आम्ही चाललो होतो त्याच्याच पायथ्याला. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा दोघांनी मान हलवली, बाकीचे रील बघत होते.

संगमनेर, अकोले मागे पडलं. राजूरनंतर ऊस संपून भातखाचरं दिसायला लागली. वायरमनची मुलगी उठून माझ्या सीटपाशी आली.

"मॅडम, डावा कालवा म्हणजे कुणाचा डावा?"

"म्हणजे?"

"येताना एका हाताला होता. जाताना तोच दुसऱ्या हाताला येतो."

वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. अशा वेळी शिक्षक जे करतात तेच मी केलं. "छान प्रश्न आहे, नंतर बघू," म्हणाले.

शेंडीला भंडारदऱ्याच्या धरणापाशी थांबलो. हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, उंची सुमारे ८२ मीटर. सरांनी दगडी बांधकामातले सांधे दाखवत पोरांना बरंच काही सांगितलं. मी चहाच्या टपरीवर बसले होते. बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारे, होते म्हणाले. मी मुलीला बोलावून प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

"पाणी जिकडं चाललंय तिकडं तोंड करून उभी राहा," ते म्हणाले. "डाव्या हाताला डावा, उजव्या हाताला उजवा. तू कुठनं आली, कुठं चालली, त्याचा काय संबंध नाही."

मुलगी वळून, नदी जिकडे जाते तिकडे तोंड करून, खरंच उभी राहिली. दोन्ही हात जरासे बाजूला काढून. मग 'बरं' म्हणून गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी रतनवाडी. मुली एका घरी, मुलगे शेजारच्या दोन घरांत. अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ अंधार पडता पडता पाहिलं, म्हणजे पोरांनी त्याच्यापुढे फोटो काढले. फोनला रेंज जवळजवळ नव्हती. जेवणाआधी अर्धा तास त्या धक्क्यातच गेला.

दिवस दुसरा

आजचं काम होतं वनराई बंधारा. मोहन धारियांनी पुण्यात १९८६ साली 'वनराई' ही संस्था सुरू केली, तिच्या नावाने हा बंधारा आता गावोगाव ओळखला जातो. पावसाळा संपून ओढा अजून वाहता आहे तोवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पाणी अडवायचं. महिना-दोन महिने जास्त पाणी टिकलं तरी गुरांना, हरभऱ्याला पुरे. पुढच्या पावसाच्या आधी गोण्या काढून घ्यायच्या. ग्रामपंचायतीची आणि वनखात्याची परवानगी दादाने आधीच आणली होती.

आमचे यजमान, सगळ्यांचे मामा, कामाचे मुकादम. ओढा सात मीटर रुंद. आधी तळातली वाळू काढून खाली पक्कं लागेपर्यंत चर घेतला, तो दोन्ही काठांत हातभर आत नेला. मग गोण्या. पोरांनी तोंडापर्यंत ठासून भरल्या. मामांनी त्यातल्या दोन ओतायला लावल्या.

"पोटभर नका घालू. पोट गच्च झालं की गोणी बसत नाही, लोळती."

तर गोणी पाऊण भरायची. तोंड दुमडून दाभण आणि सुतळीने शिवायची. ठेवताना पायाने तुडवून चपटी करायची, म्हणजे ती शेजारणीला चिकटते. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, विटांसारखंच. दोन थरांमध्ये चिकणमाती. ऐकायला सोपं आहे. दाभण गोणीतून सरळ जात नाही, सुतळी प्रत्येक टाक्याला अडते, आणि चाळीस किलोची गोणी दोघांनी उचलली की एक जण नेहमी पुढे पळतो.

मला न पटलेली गोष्ट म्हणजे ताईने दोन गट पाडून शर्यत लावली. एका काठावर जांभळीचं झाड, तिकडून 'जांभळीकडचे'. दुसऱ्या काठावर मामांचं खळं, तिकडून 'खळ्याकडचे'. मध्यावर भेटायचं. मी म्हणाले, शर्यतीत काम बिघडतं. ताई म्हणाली, बिघडू द्या.

बिघडलं. साडेअकराला तीन थर लावून दोन्ही गट मध्यावर आले तेव्हा एकाचा तिसरा थर दुसऱ्यापेक्षा चांगला अर्ध्या गोणीने वर होता. मग तुम्हाला माहीत आहे ते सगळं झालं. तुमच्या गोण्या जाड, तुमचा चर उथळ, तुम्ही तुडवल्याच नाहीत. टीमवर्कचे माझे पाचही मुद्दे पाठ असलेला इलेक्ट्रिशियन फावडं टाकून झाडाखाली जाऊन बसला.

फिटरचा एक बुटका पोरगा काही न बोलता मामांच्या गोठ्याकडे गेला आणि स्प्रे पंपाची पारदर्शक नळी घेऊन आला. तीत पाणी भरलं, बुडबुडे काढून टाकले, एक टोक इकडच्या काठावर स्वतः धरलं, दुसरं तिकडे टर्नरच्या हातात दिलं. गवंडी लावतात तशी लेव्हल. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. त्याच्याशी भांडता येत नाही. जांभळीकडच्यांचा तळ खोल गेला होता, थर खाली होते. चूक मात्र कुणाचीच नव्हती, ओढ्याचा तळच तिरका होता. फिटरने दोन्ही काठांवर खडूने खूण केली, आणि त्यानंतर शर्यत आपोआप बंद पडली. कुणी जाहीर केलं नाही.

संध्याकाळी पाचला पाच थर, साधारण दीडशे गोण्या. वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप. पाणी लगेच भरत नाही, ही पोरांची निराशा. तासाभरात घोट्याएवढं चढलं. मोटार मेकॅनिकने त्यात काडी रोवून दर दहा मिनिटांनी बघायचा उद्योग लावून घेतला.

रात्री थंडी. शेकोटीपाशी मी त्यांना आउटवर्ड बाउंडची गोष्ट सांगितली. १९४१ साल, युद्ध चालू, पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवत होत्या. जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचं म्हणणं असं होतं की समुद्रात पडल्यावर तरणी पोरं लवकर हाय खातात आणि मुरलेले खलाशी टिकतात. कुर्ट हान नावाच्या शिक्षकाला बरोबर घेऊन त्यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला एक महिन्याचा कोर्स काढला. डोंगर, होडी, बचावकाम. जगभरची अशी शिबिरं त्याच झाडाच्या फांद्या.

"मग त्यांना नोकरी लागली का?" वेल्डरने विचारलं.

"ते नोकरीवरच होते," सर म्हणाले. "मेले नाहीत, एवढंच."

सरांचं मत या बाबतीत रोखठोक आहे. वेल्डरला नोकरी मिळते ती वेल्ड नीट बसला म्हणून. डोंगर चढला म्हणून नाही. माझं त्यांच्याशी भांडण आहे, पण त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही.

समोरच्या डोंगरावर मृगाचे तीन तारे उभे चढले होते. कोपाच्या मुलीने त्यांच्याकडे बघत विचारलं की उद्याच्या लिंबांचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे.

दिवस तिसरा

सहाला निघायचं होतं, पावणेसातला निघालो. वेळ सांभाळणारा इलेक्ट्रिशियन स्वतःच उशिरा उठला.

रतनगडाची वाट सुरुवातीला प्रवरेच्या ओढ्याच्या काठाने जाते, तो दोन-चारदा ओलांडते आणि मग दाट झाडीत शिरते. हिरडा, जांभूळ, खाली कारवीचं रान. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. आमच्या वेळी नुसत्या काड्या होत्या, त्याच काड्यांचे कुड मामांच्या गोठ्याला आहेत.

मध्ये एका सपाटीवर ताईने सगळ्यांना लांब लांब बसवलं. वीस मिनिटं, एकट्याने, न बोलता, काय ऐकू येतं ते लक्षात ठेवायचं. मला हे प्रकार जरा नाटकी वाटतात. पण नंतर मोटार मेकॅनिक म्हणाला, "खाली कुणाचं तरी डिझेल पंपाचं इंजिन चालू आहे, आणि ते मिसफायर मारतंय. ते बंद झालं तेव्हा कळलं की मघापासून तांबट पक्षी पण ओरडतोय." आम्हा कुणालाच इंजिन ऐकू आलं नव्हतं. तांबट मला आला होता, पण तो तांबट आहे हे माहीत नव्हतं.

मग शिड्या. रतनवाडीच्या बाजूने गडावर जायचं तर कातळात ठोकलेल्या लोखंडी शिड्यांना पर्याय नाही. खाली पोचलो आणि सगळ्यांचे आवाज बारीक झाले. दादा सूचना द्यायला उभा राहिला, तेवढ्यात वायरमनची मुलगी पुढे झाली. शिडीचा खालचा दांडा दोन्ही हातांनी धरून हलवला. मग वर बघून बोलायला लागली, आणि मी वर्गात कधी न ऐकलेला तो आवाज होता.

"एका वेळी एकच. वरचा उतरून बाजूला झाला की मगच पुढचा. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात, तीन ठिकाणं कायम टेकलेली पाहिजेत. हातात काही नाही, मोबाइल पण नाही. पायरीला धरा, बाजूच्या दांड्याला नको. तोंड शिडीकडे, उतरताना पण."

वायरमनच्या पोरांना पहिल्या महिन्यात शिडीच शिकवतात. भिंतीपासून किती लांब टेकवायची, तर उंचीच्या पाव हिश्शाएवढी. खाली कुणीतरी धरून उभं राहायचं. दोघं एकदम चढायचं नाही. हे सगळं तिच्या वहीत आहे. दादा मागे सरकला. तीच खाली उभी राहिली आणि एकेकाला नावाने वर सोडलं. मला म्हणाली, "मॅडम, ओढणी खोचा." मी खोचली.

वरच्या एका कठड्यापाशी वेल्डरच्या पोरांचा घोळका अडकला. एका जोडाला भेग होती. ती भेग आधी कुणी पाहिली यावर वाद, मग सर पोचले आणि कड्याच्या अर्ध्यात उभं राहून त्यांनी दहा मिनिटं अंडरकट आणि पोरॉसिटी हे वेल्डचे दोष शिकवले. नोकरीचा डोंगराशी संबंध नाही म्हणणारे हेच सर.

गणेश दरवाजा, गुहा, आणि मग गडाच्या माथ्यावरचं नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक, आत उभं राहिलं की वारा माणसाला ढकलतो. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, अलंग-मदन-कुलंग आणि त्यांच्यापलीकडे कळसुबाई. दुसऱ्या बाजूला जमीन एकदम संपते आणि खाली कोकण. पोरं तिथे खरंच गप्प झाली. मला वर्णन करायला लावू नका, जाऊन या.

तिथेच कळलं की पाणी नाही.

हिशेब असा होता. प्रत्येकाकडे दोन लिटर, शिवाय पाच लिटरचे चार कॅन आळीपाळीने वाहायचे. चारपैकी दोन कॅन रिकामे निघाले. सकाळी नळाचं पाणी गेलं होतं. टर्नरच्या ज्या पोराकडे ते काम होतं त्याला वाटलं, होईल. रिकामे कॅन पाठीवर घेऊन तो गडावर आला. चार तास. कुणी कॅन मागितला की "तो दुसरा घ्या" म्हणायचा.

पोरं त्याच्यावर तुटून पडली. मीही पडले असते. मामा मात्र हसले आणि सगळ्यांना टाक्यांकडे घेऊन गेले. गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यातलं कुठलं पिण्याचं, हे मामांना माहीत. पाणी फडक्यातून गाळलं, क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या आणि अर्धा तास थांबायचं ठरलं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, औषधपेटीवाला मेकॅनिक घड्याळ घेऊन कॅनवर बसूनच राहिला. तो वेळ आम्हाला संध्याकाळी महाग पडला. शेवटच्या शिड्या उतरताना उजेड जेमतेम होता आणि झाडीत शिरल्यावर टॉर्च लावावे लागले.

अंधारात दर वळणाला मागून आवाज यायचा, "मोजा!" आणि पुढून आकडे. मामा धरून एकोणतीस. एकदाही चुकलं नाही. जबाबदारी माझी, असं लेखी देऊन आलेल्या बाईला ते आकडे कसे ऐकू येत होते ते तिलाच माहीत.

टर्नर रात्री जेवला नाही. मी त्याच्याशी बोलायला गेले तर म्हणाला, "नळ गेला ती माझी चूक नाही ना?" नाही, म्हटलं. "मग सांगितलं असतं तर काय झालं असतं?" मी म्हणाले, विहिरीवरून भरले असते, दहा मिनिटं लागली असती. तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "घरी सांगितलं की मार पडतो. कंपनीत पण सांगितलं की काढतात, माझ्या भावाला काढलं." यावर काय बोलायचं हे आमच्या पुस्तकात नाही.

दिवस चौथा

पाय सगळ्यांचे भरलेले. दोन क्रूझर करून घाटघरला गेलो. कोकणकड्यावरून खाली चोंढ्याचा जलाशय दिसतो. वर एक धरण, खाली एक, मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८ पासून चालू. विजेची मागणी चढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर.

"पण चढवायला जास्त वीज लागणार, मिळणार कमी. तोट्यात," कोपाची मुलगी म्हणाली.

इथे आमचा झोपाळू इलेक्ट्रिशियन जागा झाला. रात्रीची वीज पडून असते, संध्याकाळची मिळत नाही, साठवायला एवढी मोठी बॅटरी कुठे आणणार, म्हणून डोंगरच बॅटरी, आणि एकच मशीन उलटं फिरवलं की पंप, सुलटं फिरवलं की जनरेटर. काठीने मातीत आकृती काढून पंधरा मिनिटं बोलला. परत येताना त्याने मला विचारलं, "मॅडम, हे कम्युनिकेशनमध्ये धरता येईल?" मी धरलं.

संध्याकाळी पडवीत मॉक इंटरव्ह्यू. सर कंपनीचे एचआर, मी बाजूला गुणांचा तक्ता घेऊन. पहिले चार जण वर्गातलंच घोकलेलं बोलले. माय नेम इज, आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम पंक्च्युअल. सर जांभया देत होते. मग टर्नर आला.

"तुमची एखादी चूक सांगा."

तो मराठीत बोलला, सरळ. नळ गेला, दोन कॅन रिकामे राहिले, भीतीने बोललो नाही, लोकांना अंधारात उतरावं लागलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "आता काय कराल?" "कॅन अर्धा असतानाच सांगीन. आणि कुणी ओरडलं तर ओरडू देईन."

मला भरून आलं. दोन मिनिटंच. कारण पुढचा फिटर आला, चूक विचारल्यावर म्हणाला, "मी पाणी भरायला विसरलो." त्याच्या पुढचाही. त्याच्या पुढचा म्हणाला, "आमच्या ग्रुपचं पाणी संपलं आणि मी सांगितलं नाही." पाचव्याला सर म्हणाले, "किती जणांनी पाणी भरलं नाही रे? गडावर माणसं वाचली कशी?" चांगलं उत्तर सापडलं की ते सगळ्यांचं होतं, ही सवय मीच लावलेली आहे. नमुना उत्तरं मीच देते.

वायरमनची मुलगी शेवटी आली. स्वतःबद्दल सांगा. गप्प. तुमची ताकद काय? तिने तळहाताकडे पाहिलं. पुसट २८ अजून होता. "माहीत नाही, सर." आणखी दोन प्रश्न, दोन शब्दांची दोन उत्तरं. आदल्या दिवशी अठ्ठावीस माणसांना शिडीवर चढवणारी हीच. सरांनी मुद्दाम विचारलं, "काल शिडीपाशी काय केलंत?" ती म्हणाली, "काही नाही. शिडीचं जे असतं तेच."

तक्त्यात कम्युनिकेशनला दहापैकी गुण. मी चार लिहिले, खोडले. नऊ लिहिले तर इतरांना काय सांगू? कंपनीच्या मुलाखतीत शिडी नसते. तो रकाना मी कोरा ठेवला, आणि आजही तो कोराच आहे.

दिवस पाचवा

सकाळी बंधाऱ्यावर गेलो. पाणी तिसऱ्या थराला लागलं होतं आणि दोन बगळे आले होते. मेकॅनिकची काडी बुडाली होती.

परतीच्या गाडीत हिशेब. प्रत्येकी १,२०० रुपये जमा, खर्च वाचून दाखवला, आणि ४० रुपये जुळेनात. कोपाच्या मुलीने शेंडीपासून अकोल्यापर्यंत कुणाला झोपू दिलं नाही. लिंबं निघाली. ती शेकोटीच्या रात्री कुठल्याच खात्यात गेली नव्हती.

यानंतर बारा-तेरा दिवसांनी, जेवणानंतरच्याच तासाला, दादाचा मेसेज आला. बंधारा उत्तम आहे, गुरं पाण्यावर येतात, फक्त डाव्या काठाशी दोन गोण्यांमधून पाझर आहे, मामा चिकणमाती लावतील. सोबत फोटो. त्यात नुसतं पाणी आणि गोण्या. ना जांभूळ, ना खळं.

मी मेसेज वाचून दाखवला आणि वर्ग पेटला. फोटोत डावीकडे म्हणजे खळ्याकडचे! नाही, फोटो खालून काढलाय, म्हणजे जांभळीकडचे! नाही, वरून काढलाय! तुमच्या गोण्या जाड! तुमचा चर! फळ्यावर 'क्वालिटी सर्कल' लिहून मी खडू हातात धरून उभी होते आणि पहिल्यांदाच त्या तासाला सगळे जागे होते.

मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. खिडकीकडे तोंड करून, हात जरासे बाजूला.

"फोटो कुठून काढला त्याचा काय संबंध? पाणी खळ्यावरून देवळाकडे जातं. तिकडे तोंड केलं की डाव्या हाताला जांभूळ." मग बसता बसता म्हणाली, "डावा काठ आमचा. त्या कोपऱ्यातल्या दोन गोण्या मी शिवल्यात. सुतळी संपत आली होती, टाके लांब घातले."